परदेशी शिष्या आणि पुण्याची आमटी

प्रवासवर्णनें लिहिणारे लोक बहुधा देवळें, किल्ले, घाट आणि सूर्यास्त यांवर थांबतात. परगांवच्या चुलीपर्यंत त्यांची मजल क्वचितच जाते. कारण उघड आहे. देवळाचें दार प्रवाशास मोकळें असतें, स्वयंपाकघराचें नसतें. पुण्यासारख्या शहरांत तर तें दार पिढ्यानुपिढ्या विशेष काळजीनें लावून घेतलेलें होतें. ओटीपर्यंत कोणींही यावें, माजघरापर्यंत आप्तेष्टांनीं यावें, आणि चुलीजवळ मात्र सोंवळें नेसल्यावांचून घरच्या माणसानेंही पाऊल टाकूं नये, अशी ती चढती भाजणी होती. म्हणून अलीकडे पुण्यास येणाऱ्या परदेशी प्रवाशांपैकीं कांहीं जण एखाद्या घरीं चार दिवस जाऊन, रीतसर फी देऊन, वरण-आमटी शिकून जातात, हें मला प्रथम कळलें तेव्हां त्याच्या खरेपणाविषयीं मीं दोनदां चौकशी केली. तिसऱ्यांदा करण्याचें कारण उरलें नाहीं. कारण असा वर्ग माझ्या थोरल्या बहिणीच्याच घरीं सुरू झाला, आणि दुभाषाचें काम करण्यासाठीं तिनें मला वाईहून बोलावून घेतलें.

या गोष्टीचें नवल वाटण्यास पुण्याचा पूर्वेतिहास ठाऊक असावा लागतो. १८९० सालीं येथील पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें आणि त्यानंतर मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. मंडळींत रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसताच हातीं धरला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि त्या पेल्यांचें प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलें. ग्रामण्य माजलें. १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. त्या प्रसंगीं त्यांच्या घरांत काय वाटलें असेल हें जाणूं इच्छिणारांनीं रमाबाईंचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें १९१० सालचें पुस्तक अवश्य काढून पाहावें. मौज अशी कीं, हे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान. आनंदीबाई १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि कारपेंटरबाईंच्या घरीं राहूनही त्यांनीं आपला शाकाहार सोडला नाहीं. पुण्याची मुलगी परक्यांच्या चुलीपर्यंत तेव्हांच जाऊन पोंचली होती. परकी बाई पुण्याच्या चुलीपर्यंत येण्यास त्यानंतर पुष्कळ काळ जावा लागला.

परक्याच्या पोटाची काळजी पुण्यानें केली नाहीं असें मात्र नव्हे. कोंकणांतून, देशावरून शिक्षणासाठीं आलेला निर्धन मुलगा सात घरीं सात वार लावून जेवीत असे. कोणी झोळी घेऊन माधुकरी मागे. १९०९ सालीं स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचीं मुलेंही माधुकरीवर शिकलीं. असा मुलगा सात आमट्या जेवी आणि सातही घरांच्या मसाल्याची नाडी ओळखी. पण तो पानावर बसे, चुलीपाशीं नव्हे. आमटी कशी झाली हें त्याला कळे, कशी करतात हें कळत नसे. तें ज्यांना कळे त्यांना कोणी कधीं विचारलें नाहीं.

माझी बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणतों, ही त्या न विचारलेल्यांपैकींच एक. ती मजहून आठ वर्षांनीं मोठी. चौतिसाव्या वर्षीं वैधव्य आलें. पदरीं दोन मुलें, शिक्षण सातवीपर्यंत. सदाशिव पेठेंतील दोन खोल्या एवढीच मालमत्ता. पुढें बावीस वर्षें तिनें चार घरीं स्वयंपाक करून मुलांचीं शिक्षणें केलीं. ज्या घरांत तिच्या हातची आमटी पाहुणे दुसऱ्यांदा मागून घेत, त्या घरांतही ती 'स्वयंपाकाच्या बाई' या पलीकडे गेली नाहीं. मी वाईस मुलांकडून शब्दरूपें घोकून घेत असें, त्यास लोक विद्यादान म्हणत. ती पहाटे पांचास उठून परक्या घरचा कुकर लावी, त्यास काम म्हणत. कर्व्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें तेव्हां गृहव्यवस्थेस अभ्यासक्रमांत स्थान दिलें होतें. परंतु विद्यापीठानें एखाद्या गोष्टीस विद्या म्हणणें निराळें आणि पेठेनें म्हणणें निराळें.

शिष्या आली ती योगाभ्यासाच्या निमित्तानें. बी. के. एस. अय्यंगार हे १९३७ सालीं पुण्यास आले आणि १९७५ सालीं शिवाजीनगर भागांत त्यांची संस्था उभी राहिली. तेव्हांपासून देशोदेशींचे साधक तेथें महिना-महिना राहून जातात. सकाळचा अभ्यास झाल्यावर उरलेला दिवस काय करावा हा त्यांचा प्रश्न असतो. अशांपैकीं ब्राझील देशांतील सांव पाउलो शहराची एक पन्नाशीची शिक्षिका कोणा ओळखीच्या कुटुंबामार्फत अक्काकडे आली आणि 'मला तुमच्याकडे शिकावयाचें आहे' असें म्हणाली.

घरांत वादळ झालें. माझा भाचा आतां चांगल्या नोकरींत आहे. तो म्हणाला, "आई, आतां कशाला? लोक म्हणतील, म्हातारपणीं पुन्हां आईला स्वयंपाकाला लावलें." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, जुनें दुखणें होतें, लहानपणीं परक्यांच्या घरून आलेले डबे त्यानें खाल्ले आहेत. अक्का पोळपाट पुशीत होती. तिनें मान वर न करितां सांगितलें, "तेव्हां मी लोकांच्या घरीं जात होतें. आतां ती माझ्या घरीं येणार आहे." भाचा गप्प राहिला, पण पटलें म्हणून नव्हे. वर्ग चालू होता त्या दिवसांत तो ऑफिसांतून मुद्दाम उशिरां येई.

सून व्यवहारी. तिनें फीचा प्रश्न काढला, आणि तो शास्त्रार्थासाठीं मजकडे आला; घरांत एक संस्कृत जाणणारा असला कीं असल्या वेळीं त्याची आठवण होते. शिजविलेलें अन्न विकणें आपल्या शास्त्रकारांनीं निंद्य मानलें आहे, हें खरें. "पण मी अन्न विकत नाहीं, शिकवितें आहें," असें अक्का म्हणाली. मग मला दुसरी बाजूही सांगणें भाग पडलें: पगार घेऊन शिकविणाऱ्यास मनूनें 'भृतकाध्यापक' म्हटलें आहे आणि श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य ठरविलें आहे. हें ऐकून अक्कानें मजकडे पाहिलें. "म्हणजे तूंही?" मीं होय म्हटलें. "मग दोघें एका पंक्तीला बसूं," असें म्हणून तिनें फी ठरवून टाकली.

अटी मात्र तिनें घातल्या. चपला दाराबाहेर; हातपाय धुऊन आंत येणें; देव स्वयंपाकघरांतच असल्यामुळें तिकडे पाय करून न बसणें; आणि नैवेद्य दाखविण्यापूर्वीं कांहींही चाखून न पाहणें. पहिल्या तीन अटी पाहुणीनें तत्काळ मान्य केल्या. चौथी ऐकून ती चकित झाली. तिकडे स्वयंपाक करणारानें पळीपळीला चव पाहणें हाच शहाणपणा समजतात. न चाखतां मीठ बरोबर पडलें हें कळणार कसें?

या एका प्रश्नानें माझे डोळे उघडले, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आपल्या बायका 'अंदाजानें' स्वयंपाक करितात, त्यांना प्रमाण सांगतां येत नाहीं, ही तक्रार मीं जन्मभर ऐकली होती. परंतु जिभेचा उपयोगच करावयाचा नाहीं असें ठरल्यावर बाकीच्या इंद्रियांना तिचें काम किती शिकवावें लागत असेल, याचा विचार कोणीच केला नव्हता. अक्का आमटी करीत असतां मीं तें प्रथमच लक्ष देऊन पाहिलें. तेल तापलें कीं नाहीं हें ती मोहरीचा एक दाणा टाकून कानानें ठरविते. दाण्यांतील ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो. आवाज विरळ झाला कीं हिंग. हिंग पडतांच उग्र दर्प येतो आणि क्षणांत पालटून खमंग होतो. त्या पालटाबरोबर हळद, कढीलिंब, आणि लगेच घोटलेली तुरीची डाळ. चिंचेचा कोळ डाळ पुरती शिजल्यावरच. आधीं घातला तर आंबटामुळें डाळ मऊ होण्याचें नांव घेत नाहीं. मग गूळ, गोडा मसाला, मीठ, ओलें खोबरें. मिठाच्या वेळीं ती भांड्यांत पाहते, क्षणभर थांबते आणि मुठीनें टाकते. पाहुणी वहींत लिहिण्यासाठीं ती मूठ वाटींत रिकामी करून घेई आणि मोजी. चार दिवसांच्या चार मुठी तिनें ताडून पाहिल्या; फरक चिमटीहून अधिक नव्हता.

नलराजा बाहुक होऊन दुसऱ्याच्या दारीं राहिला असतां दमयंतीनें त्याच्या हातचें शिजलेलें अन्न आणवून चाखलें आणि त्याला ओळखलें, अशी कथा महाभारतांत आहे. मी ती कित्येकदां वर्गांत शिकविली आणि दरवेळीं अतिशयोक्ति म्हणून पुढें गेलों. आतां तसें म्हणवत नाहीं.

पाककलेवर मराठींत पुस्तकें नाहींत असें नव्हे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालचें. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' या पुस्तकाची पहिली आवृत्ति १९१० सालीं निघाली. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं आली. तिनें वाटी आणि चमचा हीं मापें घेऊन परगांवीं एकट्या पडलेल्या सुनांवर फार मोठे उपकार केले. अक्काच्या घरींही ती आहे. तिच्या पानांवर तेलाचे डाग आहेत, म्हणजे ती शोभेची नाहीं. मात्र पाहुणीनें तिच्यावरून प्रश्न केला कीं अक्का म्हणे, "पुस्तकांत आहे तें बरोबर आहे. आतां इकडे ये आणि वास घे." कधीं ती जुन्या सवयीनें मापटें, चिपटें बोलून जाई, मग मला शेराचें अर्धें म्हणजे मापटें, पाव म्हणजे चिपटें आणि चार शेरांची पायली, हें कोष्टक इंग्रजींत समजावून द्यावें लागे. पाहुणी तेंही लिहून घेई. चिपट्याचा तिला सांव पाउलोंत काय उपयोग होणार होता देव जाणे.

एक सकाळ बाजारहाटीसाठीं राखून ठेविली होती. लकडी पुलावरून येणाऱ्या पाहुणीस घेऊन आम्ही मंडईंत गेलों. १८८६ सालीं 'लॉर्ड रे मार्केट' म्हणून बांधलेली ती अठकोनी दगडी इमारत आतां महात्मा फुले मंडई या नांवानें ओळखली जाते, आणि २०२४ सालापासून तिच्याजवळ जमिनीच्या पोटांतून आगगाडी धांवते. पण भाजीवाल्यांच्या गाळ्यांपाशीं उभें राहिलें कीं या दोन्ही गोष्टींचा विसर पडतो. भरल्या वांग्यासाठीं अक्का एकेक वांगें उचलून हलकें तें घेई, जड तें परत ठेवी. जड वांग्यांत बी फार. तेथून तुळशीबागेंत जाऊन पाहुणीनें पितळी पळी घेतली, आणि कसबा पेठेच्या तांबट आळींत ठोके ऐकत ती इतका वेळ उभी राहिली कीं अक्कानें अखेर तिचा हात धरून तिला हालविलें. रविवार पेठेंत मसाल्याच्या दुकानीं दगडफूल पाहून तिनें विचारलें, हें कसलें फूल? फूल नव्हेच तें. खडकांवर व झाडांच्या सालीवर वाढणारें शेवाळासारखें कांहीं असतें. कोरडें हुंगलें तर मातीसारखें. तेलांत पडलें कीं सबंध गोड्या मसाल्यास तेंच धरून ठेवतें. हिंगाविषयीं दुकानदारानें सांगितलें कीं माल अफगाणिस्तान-इराणकडून येतो. आपल्या देशांत त्याची लागवड हिमाचलाच्या लाहौल खोऱ्यांत २०२० सालीं सुरू झाली आहे; पण झाडाच्या मुळांतून डिंक निघण्यास वर्षें लागतात. सोंवळ्यांतल्या डाळीला ज्याच्यावांचून चालत नाहीं तो पदार्थ शतकानुशतकें काबुली व्यापाऱ्याच्या पाठीवरून येत होता, आणि त्याला कधीं कोणी विटाळ मानला नाहीं.

खरी मौज झाली ती एकादशीस. त्या दिवशीं आमटीचा पाठ बंद, आणि साबुदाण्याची खिचडी हा विषय. अक्कानें भिजविलेला साबुदाणा पाहुणीपुढें ठेविला आणि हें आमचें उपासाचें पवित्र अन्न म्हणून मला सांगावयास लाविलें. पाहुणीनें एक दाणा बोटांत चुरडला, हुंगला आणि ती हंसूं लागली. हा तर तिच्या देशचा मांडिओका! साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून तामिळनाडूंतील सालेमकडे करितात तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मग आम्ही परातीकडे पाहूं लागलों. दाण्याचें कूट? भुईमूगही तिकडचाच. मिरची? तिकडची. बटाटा? तोही. पोर्तुगीज लोकांनीं समुद्रावरून हीं पिकें इकडे आणिलीं. राहिलें तूप, जिरें आणि मीठ. शास्त्रकारांनीं एकादशीस धान्य वर्ज्य केलें. हे पदार्थ त्यांना ठाऊकच नव्हते म्हणून ते त्यांच्या यादींतून निसटले आणि आपण ते सोयीनें फराळांत घेतले. अक्काला हें सांगितलें तेव्हां ती थोडा वेळ बोलली नाहीं. नंतर म्हणाली, "म्हणजे चारशें वर्षांपूर्वीं कोणीतरी परक्याचें ऐकलेंच होतें कीं." खिचडी मात्र तिनें नेहमीप्रमाणें देवापुढें ठेविली.

त्यानंतर शब्दांचा खेळ सुरू झाला. पोर्तुगीज ही पाहुणीची मातृभाषा. बटाटा तिच्या भाषेंतही 'बटाटा'च. पाव, काजू, अननस, पपई, कोबी हे शब्द तिनें सहज ओळखले. मीं चावी म्हटलें, घमेलें म्हटलें, तीही ओळखलीं. शेवटीं पगार हा शब्दही त्याच भाषेंतून आला आहे असें मीं सांगितलें तेव्हां अक्का म्हणाली, "मग तिच्याकडून तो घ्यायला काय हरकत?"

सर्वच पाठ साधले असें नाहीं. पुरणपोळी साधली नाहीं. पुरण उत्तम झालें, कणीकही तिंबली. पण लाटतांना पोळी कडेस जाड आणि मध्यें फाटकी होई. हातांना जें बारा-चौदाव्या वर्षीं कळतें तें पन्नाशींत चार दिवसांत कळत नाहीं, हें अक्कानें तिला सरळ सांगितलें आणि मोकळें केलें. एक गोष्ट मात्र कोणाच्या मनांत नव्हती ती घडली. अक्काची नात, कॉलेजांत जाणारी, पहिल्या दिवशीं मोबाईलवर चित्रफीत घेण्यापुरती दारांत उभी राहिली होती. तिसऱ्या दिवशीं ती आंत आली. पांचव्या दिवशीं पोळपाटाशीं बसली. आजीकडून फुकट शिकण्याचा तिला आजवर कधीं मोह झाला नव्हता. परदेशी बाई फी देऊन वहींत लिहिते हें पाहिल्यावर झाला. यावर मीं एक-दोन खोंचक वाक्यें मनांत जुळविलीं होतीं; परंतु तिची पहिली पोळी फुगली आणि तीं गिळून टाकावीं लागलीं.

शेवटच्या दिवशीं पाहुणीनें एकटीनें आमटी करावयाची असें ठरलें. अक्का बाहेरच्या खोलींत येऊन बसली आणि तिनें दार लोटून घेतलें. आंतून मोहरीचा आवाज आला. अक्का वर्तमानपत्र वाचीत होती, पान न उलटतां म्हणाली, "आतां हिंग." आंत हिंग पडला. थोड्या वेळानें, "गूळ कमी झाला. वासावरून कळतें." मला कांहीं कळलें नाहीं. त्या दिवशीं भाचा घरीं लौकर आला होता. नैवेद्य झाल्यावर पानें वाढलीं. त्यानें आमटी भातावर घेतली, एक घांस खाल्ला आणि आईकडे पाहून विचारलें, "आज तूं केलेली नाहीं ना?" अक्का म्हणाली, "नाहीं. कशी आहे?" "गूळ थोडा कमी आहे," असें म्हणून त्यानें वाटी पुढें केली. पाहुणीस मीं हें भाषांतर करून सांगितलें. तिनें तें वहींत लिहून ठेविलें. निघतांना तिनें पांचशें ग्रॅम गोडा मसाला बांधून घेतला आणि अक्काला वाकून नमस्कार केला. अक्कानें तिची ओटी भरली.

दोन महिन्यांनीं तिचा निरोप आला. मसाला सुखरूप पोंचला, चिंच मिळाली, पण तुरीची सालें काढलेली डाळ तेथें सहज मिळत नाहीं. तूर मात्र आहे. 'ग्वांडू' या नांवानें सबंध, सालासकट विकतात. आपल्या देशांत उगम पावलेलें हें कडधान्य आफ्रिकेच्या मार्गानें कधींच तिकडे जाऊन पोंचलें होतें. तिनें फोटो पाठविला होता. अक्कानें चष्मा लावून तो बारकाईनें पाहिला आणि नातीकडून उत्तर लिहविलें: तूर रात्रभर पाण्यांत ठेव, सकाळीं दोन्ही हातांनीं चोळ, सालें वर तरंगतील तीं पाण्याबरोबर सोडून दे, उन्हांत कडकडीत वाळव, मग भरड. तुमच्याकडे ऊन कसें असतें तें कळव, म्हणजे किती दिवस तें सांगतें.